चांदी-टेल्युराइड की नायट्राइड: थर ठरवण्याआधी

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एका मुलीचा फोन आला. पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन नुकतंच झालेलं, विषय थर्मोइलेक्ट्रिक, म्हणजे उष्णतेपासून वीज करणारे, पातळ थर. गाईडनी एवढंच सांगितलेलं की धातू आणि अर्धवाहक यांचे आळीपाळीने थर चढव, उष्णता अडव, वीज जाऊ दे. "सर, बिस्मथ टेल्युराइडमध्ये चांदी घालू की नायट्राइडकडे जाऊ? सामानाची ऑर्डर या आठवड्यात द्यायचीय." मी सांगलीत बसून दोन्ही करून पाहिलंय. पहिलं तीन वर्षं, दुसरं दोन. त्यामुळे बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मी समजतो. फोनवर चाळीस मिनिटं बोललो तरी अर्धं राहिलंच, ते इथे लिहितोय.

माझा कल आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तेवढी वजावट करता येईल. मी नायट्राइडच्या, म्हणजे धातूंच्या नायट्रोजनशी झालेल्या संयुगांच्या, बाजूचा आहे. आकड्यांमुळे नव्हे. नुसते आकडे पाहिले तर टेल्युराइड पुढे आहे, आणि ते मी झाकून ठेवणार नाही.

झेडटी (पदार्थ उष्णतेची वीज किती चांगली करतो तो आकडा) म्हणजे काय, सीबेक (तापमानातल्या एका केल्विनच्या फरकामागे किती व्होल्टेज) कसा मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एक हिशेब मात्र पहिल्याच दिवशी वहीत करून ठेवा. उष्णता दोन वाटांनी जाते: इलेक्ट्रॉन आणि जाळीची कंपनं, म्हणजे फोनॉन. इलेक्ट्रॉनांची वाट अडवता येत नाही, कारण विजेचीही तीच वाट. विद्युतवाहकता मीटरला 10⁵ सीमेन्स असेल, तर विडेमान-फ्रांझच्या नियमाने 300 केल्विनला नुसते इलेक्ट्रॉनच 0.73 वॅट प्रति मीटर केल्विन इतकी उष्णता वाहून नेतात. 2.44×10⁻⁸ ला, म्हणजे या नियमाच्या स्थिरांकाला, 10⁵ ने आणि मग 300 ने गुणा, झालं. (पुढे उष्णतावाहकतेचे आकडे याच एककात देतो, दरवेळी लिहीत बसत नाही.) बिस्मथ टेल्युराइडची एकूण वाहकताच 1.5 च्या आसपास. म्हणजे निम्मा हिस्सा आधीच हाताबाहेर, आणि थरांचा सगळा खटाटोप उरलेल्या निम्म्यासाठी. हा गुणाकार न करता मी माझ्या पहिल्या प्रस्तावात "उष्णतावाहकता दहापटीने कमी करू" असं लिहून मोकळा झालो होतो. समितीत कोणी विचारलं नाही हे नशीब.

तर पहिली वाट. आमच्या कॉलेजात बारा इंची बेलजारचं (काचेच्या घुमटाचं) जुनं कोटिंग युनिट आहे, खाली हवा काढायला रोटरी आणि डिफ्यूजन पंप. मॉलिब्डेनमच्या एका बोटीत, म्हणजे विजेने तापवायच्या छोट्या पन्हाळीत, बिस्मथ टेल्युराइडची पूड, दुसरीत चांदीची तार. थराची जाडी दाखवणाऱ्या क्वार्ट्झच्या मॉनिटरवर डोळे लावून काचपट्टीवर 8 नॅनोमीटर टेल्युराइड, वर 2 नॅनोमीटर चांदी, पुन्हा 8, पुन्हा 2, अशा वीस जोड्या. एकूण 200 नॅनोमीटर. सकाळी दहाला पंप लावला की संध्याकाळी पट्टी हातात. टेल्युरियम आधी उडून जातं आणि बिस्मथ मागे रेंगाळतं, त्यामुळे बोटीत थोडं टेल्युरियम जास्तीचं टाकावं लागतं. ते किती, हे पंधरा-वीस पट्ट्या वाया घालवल्यावर हाताला कळतं. पुस्तकात शोधू नका.

मध्येच वीज गेली तर काय, हा प्रश्न सांगली-साताऱ्यात विचारावाच लागतो. डिफ्यूजन पंप गरम असताना रोटरी थांबला की तेलाची वाफ उलटी वर बेलजारमध्ये येते आणि तेराव्या थरावर चौदावा बसण्याऐवजी तेलाचा बसतो. आमचे लॅबमधले मामा आवाजावरून ओळखायचे. ट्यूब लुकलुकली की ते खुर्चीतून उठून व्हॉल्व्ह बंद करायला धावायचे, मला कळायच्या आत. तुमच्याकडे असे मामा नसतील तर यूपीएस घ्या.

टेल्युराइडच्या बाजूने कागद काय म्हणतो ते बघू. दोन पदार्थांच्या सांध्यावर उष्णतेला एक आडकाठी असते. कापित्सा यांनी ती 1941 मध्ये द्रव हेलियम आणि तांबं यांच्या सांध्यावर दाखवली, म्हणून तिला त्यांचं नाव. धातू-अर्धवाहक सांध्याची उष्णता जाऊ देण्याची क्षमता चौरस मीटरला, केल्विनमागे, काही दहा मेगावॅटपासून काही शंभर मेगावॅटपर्यंत सापडते. आपण 100 धरू. टेल्युराइडची वाहकता सोयीसाठी 1 धरली, तर एकेक सांधा 10 नॅनोमीटर टेल्युराइडइतकी उष्णता अडवतो. वीस जोड्यांत सांधे चाळीसेक, म्हणजे 400 नॅनोमीटर फुकटात मिळाले. 200 नॅनोमीटरची पट्टी 600 सारखी वागणार, वाहकता एक तृतीयांशावर येणार. इलेक्ट्रॉनांचा हिस्सा यात वेगळा काढलेला नाही, त्यामुळे प्रत्यक्षात इतकं पदरात पडत नाही. पण सांधे काम करतात यात शंका नाही. 2004 साली टंगस्टन आणि ॲल्युमिना यांचे काही नॅनोमीटर जाडीचे थर रचून 0.6 पर्यंत मजल मारली गेली, आणि हे दोन पदार्थ एकेकटे त्याच्या कितीतरी वर आहेत.

त्यात टेल्युराइडची सुरुवातच खालून आहे. खोलीच्या तापमानाला झेडटी 1 च्या जवळ नेणारा, बाजारात मिळणाऱ्या जवळपास प्रत्येक पेल्टिए मॉड्यूलमध्ये (वीज दिली की एका बाजूने थंड होणाऱ्या चकतीत) असणारा पदार्थ तोच. 2001 मध्ये अमेरिकेतल्या आरटीआय संस्थेतून बिस्मथ टेल्युराइड आणि अँटिमनी टेल्युराइडच्या थरांचा 2.4 हा आकडा आला तेव्हा सगळं क्षेत्र खडबडून जागं झालं. तो आकडा पुढे इतरांना सहजासहजी गाठता आला नाही, आणि त्यात धातूही नव्हता, ही गोष्ट अलाहिदा. पण शोधनिबंधाच्या प्रस्तावनेत तो लिहिला की वजन येतं, हे खरं.

इथे एक खड्डा आहे, दोन्ही वाटांवर. नवीन मुलं काचपट्टीवर दोन टोकांना दोन प्रोब ठेवून सीबेक मोजतात. ते थरांच्या समांतर झालं, थरांच्या आरपार नव्हे. समांतर मोजताना प्रत्येक थराचा सीबेक त्याच्या विद्युतवाहकतेच्या वजनाने जमेस धरला जातो. पातळ चांदीची वाहकता जाडजूड चांदीच्या एक दशांश धरली, तरी 2 नॅनोमीटर चांदी 20 नॅनोमीटर टेल्युराइडच्या सहापट वीज वाहते. टेल्युराइडचे 200 मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन उतरून 30 च्या खाली येतात. प्रत्यक्षात 2 नॅनोमीटरची चांदी सलग चादर न होता ठिपक्याठिपक्यांची बसते, त्यामुळे इतकी घसरण होत नाही. तो योगायोग आहे, तुमचं कर्तृत्व नव्हे. धातूचे सलग थर घालायचे असतील तर आरपार मोजण्यावाचून गत्यंतर नाही, मग ती चांदी असो की टायटॅनियम नायट्राइड.

आणि टेल्युरियमचा लसूण. त्याची पूड किंवा वाफ शरीरात गेली की श्वासाला लसणासारखा वास येतो, आणि तो दिवसेंदिवस जात नाही. बेलजार उघडताना मास्क न लावण्याचा शहाणपणा मी एकदा केला. घरी बायको म्हणाली, "आज डब्यात लसणाची चटणी नव्हती." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी तिने मला वेगळ्या ताटावर बसवलं. हसण्यावारी नेऊ नका, फ्यूम हूड आणि मास्क दोन्ही लागतात.

पण माझा निर्णय यातल्या कशानेही झाला नाही. वीज, लसूण, सीबेकचा खड्डा, हे सगळं निभावून नेता येतं. मला वैताग आला तो थर मुरण्याचा.

लोणचं मुरलेलं चांगलं. हे थरसुद्धा मुरतात. 2016 च्या फेब्रुवारीत केलेली एक पट्टी मला अजून आठवते, कारण ती माझी सगळ्यात चांगली पट्टी होती. क्ष-किरण यंत्रावर अगदी छोट्या कोनाला, 0.9 अंशाच्या जवळ, थरांच्या आवर्तनाचं शिखर दिसलं होतं. 10 नॅनोमीटरचं आवर्तन, म्हणजे एका जोडीची जाडी, असलं की ते तिथेच दिसायला हवं. अंधुक होतं, पण होतं. गाईडना दाखवलं, त्यांनी चहा मागवला. चौकटीचा रोध, म्हणजे शीट रेझिस्टन्स, 41 ओहम. पट्टी कागदात गुंडाळून, काचेच्या डेसिकेटरमध्ये ठेवून मी उन्हाळ्याच्या सुट्टीवर गेलो. सांगलीचा एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे. वरच्या मजल्यावरची लॅब, वर पत्रा, पंखा बंद. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर पुन्हा मोजली तर 29 ओहम. सीबेक घसरलेला. आणि क्ष-किरणांवर ते शिखर नाही. सपाट. यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्याकडून करून घेतलं. शिखर गेलं ते गेलंच.

कारण नंतर वाचनात आलं, आधी वाचायला हवं होतं. बिस्मथ टेल्युराइडची रचना पापुद्र्यांची. टेल्युरियमच्या दोन पापुद्र्यांमधला बंध इतका सैल की तांबं, चांदी यांसारखे छोटे अणू त्या फटींतून खोलीच्या तापमानालासुद्धा सरकत राहतात. शिवाय चांदीचं आणि टेल्युरियमचं सख्य जुनंच, दोघं मिळून सिल्व्हर टेल्युराइड करतात. मी ज्याला थर म्हणत होतो ते चांदी शिंपडलेलं एकच घट्ट मिश्रण झालं होतं. ते मिश्रण काही टाकाऊ नव्हतं, अशा मिश्रणांवरही लोक चांगलं काम करतात. पण माझ्या प्रबंधाचं शीर्षक "थरबद्ध" असं होतं.

उपाय केले. चांदीच्या जागी निकेल घातलं. पेल्टिए मॉड्यूलमध्ये सोल्डर आणि टेल्युराइड यांच्यामध्ये निकेलचाच पडदा देतात, तेव्हा इथेही चालेल असा हिशेब. सुधारणा झाली, नाही असं नाही. पण मॉड्यूलमधला पडदा मायक्रोमीटरमध्ये असतो आणि माझा 2 नॅनोमीटरचा. तापवला की त्याचंही टेल्युराइड होऊ लागतं. पट्टी फ्रीजमध्ये ठेवली, फरक हळू पडला, पण पडलाच. मग मला एक खोड लागली: काहीही मोजलं की आधी तारीख लिहायची, पट्टी किती दिवसांची ते लिहायचं. दोन पट्ट्यांची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच वयाच्या हव्यात. एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सहज विचारलं, "हे मूल्य कुठल्या दिवसाचं?" त्यांनी चेष्टेत विचारलं असेल. मला त्या रात्री झोप लागली नाही.

ज्या पदार्थाचा आज मोजलेला आकडा उद्याचा नसतो, त्यात उष्णतेवर नियंत्रण आणलं असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? माझं मत इथे वळलं. तुम्हाला कदाचित हा त्रास इतका होणार नाही. तुमची लॅब थंड असेल, थर जाड असतील. मी माझं सांगतोय.

नायट्राइडकडे मी वळलो तो कुपवाडच्या एमआयडीसीत. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीचा ड्रिल बिट हातात घेतला, सोनेरी. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. मालक म्हणाला, हा ड्रिल दिवसभर पोलादात घुसतो, लाल होईपर्यंत तापतो, वरचा सोनेरी मुलामा हलत नाही. मी तो बिट खिशात घालून घरी आणला. अजून टेबलावर आहे.

धातू-अर्धवाहक थरांचं जे नामांकित काम आहे ते बरंचसं नायट्राइडवरच झालंय. धातूच्या बाजूला टायटॅनियम, झिर्कोनियम किंवा हाफ्नियम नायट्राइड, अर्धवाहकाच्या बाजूला स्कँडियम नायट्राइड. पर्ड्यू विद्यापीठात ते उभं राहिलं, आणि आता बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातही चालतं. दोन्ही बाजूंची स्फटिकरचना मिठासारखी, त्यामुळे एकावर एक नीट बसतात. टायटॅनियम नायट्राइडची जाळी, म्हणजे तिच्या एका घराची लांबी, 4.24 अँगस्ट्रॉम आणि स्कँडियम नायट्राइडची 4.5 च्या आसपास, हे अंतर भरून काढायला स्कँडियममध्ये ॲल्युमिनियम मिसळतात. असे थर 850 अंश सेल्सियसपर्यंत टिकल्याची नोंद आहे. माझी पट्टी पत्र्याखाली मे महिन्यात मुरली, त्या पार्श्वभूमीवर हा आकडा मी तीनदा वाचला.

यामागचा विचारही मला जास्त पटतो. अर्धवाहकाचा थर म्हणजे इलेक्ट्रॉनांसाठी एक बांध. कमी ऊर्जेचे अडतात, जास्त ऊर्जेचे उडी मारून पार होतात. अशी चाळणी लागली की सीबेक वाढतो. 2004 मध्ये वशाई आणि शकौरी यांनी धातूच्या थरांमध्ये या चाळणीचा फायदा किती होऊ शकेल ते गणिताने मांडलं. बिस्मथ टेल्युराइडची बँड गॅपच (इलेक्ट्रॉनांना मनाई असलेली ऊर्जेची फट) 0.15 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, तिथे बांध घालायला उंचीच कुठे आहे? स्कँडियम नायट्राइडमध्ये 0.9 च्या जवळ आहे. बांध घालण्याजोगी जागा तिथे सापडते.

पण उष्णता अडवण्यात नायट्राइड कच्चं, हे कबूल करायलाच हवं. स्कँडियम नायट्राइडची वाहकता 10 च्या आसपास, टायटॅनियम नायट्राइडची त्याहून जास्त. आणि वर ज्याचं कौतुक केलं तो नीट बसलेला सांधा इथे आडवा येतो. इलेक्ट्रॉनाला सुरळीत जाऊ देणारा सांधा फोनॉनालाही सुरळीत जाऊ देतो. टेल्युराइडच्या हिशेबातले 100 मेगावॅट इथे धरता येत नाहीत, कितीतरी जास्त धरावे लागतात. झिर्कोनियम-स्कँडियम नायट्राइडमध्ये 6 नॅनोमीटरच्या आसपासच्या आवर्तनाला वाहकता सगळ्यात खाली येते, आणि ती खाली म्हणजे 5 च्या आसपास. त्यात टंगस्टन मिसळून ती 2 च्या जवळ आणली गेली. टेल्युराइड जिथून सुरुवात करतं तिथवर पोचायलाच एवढी यातायात.

यावरचा उतारा वजनात आहे. जाळी जुळलेली असू द्या, अणूंच्या वजनात मात्र तफावत ठेवा. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत कोणालाही विचारा, हलक्या लाकडाला जड लाकूड जोडलं की नाद सांध्याशी अडतो, पुढे जात नाही. फोनॉन म्हणजे दुसरं काय, नादच. स्कँडियम 45 चा, त्याच्याशेजारी टायटॅनियम 48 चा ठेवला तर नाद सरळ पार. झिर्कोनियम 91 चा, हाफ्नियम 178 चा, तिथे अडखळतो. म्हणून त्या कामांत हाफ्नियम, टंगस्टन असली वजनदार मंडळी दिसतात.

आता सांगलीतल्या माणसाला स्कँडियमचं टार्गेट (ज्यातून थरासाठी अणू उडवतात तो धातूचा तुकडा) आणि थर ज्यांवर वाढवायचे त्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या चकत्या कुठून परवडणार? मी तडजोड केली. अर्धवाहकाच्या जागी क्रोमियम नायट्राइड घेतलं. टूल कोटिंगवाल्यांच्या रोजच्या वापरातलं, टार्गेट सहज मिळतं, जाळी 4.15, टायटॅनियम नायट्राइडला बऱ्यापैकी जवळ, आणि स्वतःची उष्णतावाहकता स्कँडियम नायट्राइडपेक्षा बरीच कमी. दोष उघड आहे: क्रोमियम 52 चा, टायटॅनियम 48 चा, वजनातली तफावत जवळजवळ नाही. सांधा फोनॉनाला फार अडवत नाही. शिवाय माझे थर काचेवरचे, एकस्फटिकी नव्हेत, खांबाखांबांनी उभे वाढलेले. खांबांच्या कडा थोडंफार अडवत असाव्यात. निदान तशी माझी समजूत आहे.

स्पटरिंग, म्हणजे टार्गेटवर आयन आपटवून थर चढवायची सोय, आमच्याकडे नव्हतं. पुण्यात एका लॅबमध्ये महिन्यातून दोन दिवस मिळायचे. पहाटेची एसटी, पेठ नाका, कराड, सातारा, खंबाटकी, आणि मांडीवर स्टीलचा डबा. वरच्या कप्प्यात चपाती-भाजी, खालच्या कप्प्यात सिलिका जेलच्या पुड्यांमध्ये धुतलेल्या काचपट्ट्या. नायट्राइडचा खरा छळ इथे सुरू होतो. नायट्रोजन थोडा कमी पडला की क्रोमियमचं दुसरंच नायट्राइड बनतं, ज्यात क्रोमियमचे दोन अणू असतात, आणि ते धातूसारखं वागतं. मग अर्धवाहक संपला, धातूवर धातू. नायट्रोजन जास्त झाला की टार्गेटच्याच तोंडावर नायट्राइडची साय धरते आणि थर चढायचा वेग बसतो. पावसाळ्यात चेंबरच्या भिंतींना चिकटलेली ओल निघता निघत नाही, टायटॅनियम ती पाण्याची वाफ ओढून घेतं आणि सोनेरीऐवजी तपकिरी होऊन बाहेर येतं. म्हणून दर खेपेला आधी नुसत्या टायटॅनियम नायट्राइडची एक पट्टी काढायची, खिडकीत धरून रंग बघायचा. सोनं दिसलं तर पुढे जायचं. तपकिरी दिसली तर डबा खाऊन परतीची एसटी. जुलै-ऑगस्टच्या माझ्या चार खेपांपैकी तीन डबा खाऊनच संपल्या.

तरीसुद्धा. एकदा नीट बसलेला थर पुन्हा कधी दगा देत नाही. 3 नॅनोमीटर टायटॅनियम नायट्राइड, 7 क्रोमियम नायट्राइड, वीस जोड्या. छोट्या कोनाचं शिखर पहिल्या दिवशी होतं, सहा महिन्यांनी होतं, 300 अंशांना तापवून आणल्यावर होतं. मी तारखा लिहायचं सोडून दिलं.

आणि मग 2019 चा ऑगस्ट. आमचं घर गावभागात, तळमजला. कृष्णेचं पाणी आलं तेव्हा माणसं आणि कागदपत्रं वर नेली. टेबलाच्या खालच्या खणातली स्लाइडची पेटी राहिली. पाणी ओसरल्यावर खण ओढला तर निघेना, गाळाने फुगलेला. पेटीत चार पट्ट्या होत्या. नळाखाली धरून, साबणाने, टूथब्रशने घासल्या. दोघींचे कडेचे पोपडे उडाले होते. उरलेल्या दोघी कॉलेज उघडल्यावर मोजल्या, रोध पूर्वी होता तोच, मीटरच्या शेवटच्या आकड्यात जेवढी चलबिचल असते तेवढीच. हा काही प्रयोग नव्हे. तुलनेला टेल्युराइडची पट्टी पुरात नव्हती, आणि मी तटस्थही नव्हतो. पण चिखलातून निघालेली सोनेरी काच उजेडात धरल्यावर माणसाचं मत बनतं, त्याला काय करणार.

मोजण्याबद्दल थोडं, कारण विषय शेवटी उष्णतेचा आहे. पट्टी हॉटप्लेटवर ठेवून वर-खाली थर्मोकपल लावणं, हे करू नका. मी प्रदर्शनात केलंय आणि टाळ्याही घेतल्यात. काच एक मिलिमीटर, थर 200 नॅनोमीटर, पाच हजारपट फरक. तुम्ही काच मोजताय. आरपारच्या वाहकतेला दोनच प्रतिष्ठित मार्ग आहेत. एक थ्री-ओमेगा, डेव्हिड केहिल यांनी 1990 मध्ये बसवलेली पद्धत. अरुंद धातूची पट्टी हीटरही आणि थर्मामीटरही, तिच्यातून ओमेगा वारंवारतेचा प्रवाह सोडायचा आणि तिप्पट वारंवारतेचा व्होल्टेज मोजायचा. आपला थर वीजवाहक, म्हणून मध्ये रोधक थर द्यावा लागतो आणि त्याचा हिस्सा तुलनेच्या पट्टीवरून वजा करावा लागतो. दुसरा टीडीटीआर, लेसरच्या स्पंदांनी वरच्या ॲल्युमिनियमचं तापणं-निवणं बघणारा. दोन्ही मोठ्या संस्थांत. नमुना पोस्टाने पाठवाल, रांग लागेल, दोन-तीन महिन्यांनी मोजला जाईल. आता विचार करा, तोवर मुरणारा नमुना पाठवलात तर तिथे मोजलं जाईल ते काय?

शिवाजी विद्यापीठाच्या परंपरेतली रासायनिक वाट, बीकरमध्ये बुडवून थर चढवायची, तीही आपल्या भागात घरची आहे आणि स्वस्त आहे. एकेका टेल्युराइडच्या थरासाठी मी ती आनंदाने सुचवीन. पण 2 नॅनोमीटरचा धातू, वीस वेळा, प्रत्येक वेळी धुऊन? मला जमलं नाही. हात चांगला असलेल्या कोणाला जमेलही.

तर कोणी काय घ्यावं. हातात दोन वर्षं असतील, लॅबमध्ये बेलजार असेल, स्पटरिंग दूर असेल आणि खोलीच्या तापमानाला दाखवण्याजोगा सीबेक हवा असेल, तर टेल्युराइड वाईट नाही. खरं तर झटपट शोधनिबंध निघायला तेच बरं. मात्र चांदी आणि तांबं टाळा, निकेल घ्या, थर थोडे जाड ठेवा, आणि मिश्रणाला थर म्हणू नका. साखर कारखान्याच्या चिमणीवर, भट्टीच्या तोंडावर, जिथे शेकडो अंश असतात तिथली उष्णता डोक्यात असेल, किंवा सांध्यांवर उष्णता नेमकी कशी अडते हाच प्रश्न असेल, तर मी नायट्राइडला जाईन. झेडटीचा आकडा लाजवेल, खोलीच्या तापमानाला तर फारच. पण आकडा ज्या रचनेचा आहे असं तुम्ही म्हणाल ती रचना त्या दिवशी तिथे असेल.

त्या मुलीने काय केलं? टेल्युराइडच घेतलं. तिच्या लॅबमध्ये पूड आधीच आलेली होती, आणि गाईडना मार्चमध्ये पोस्टर हवंय. मी म्हटलं ठीक आहे, मग एवढं कर. एकाच दिवशी एकाच बोटीतून तीन पट्ट्या काढ. एक आत्ता मोज, एक लॅबच्या कपाटात ठेव, तिसरी सिलिका जेलसकट हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये. सिल्व्हर पेस्टने टोकं जोडू नकोस, ती पेस्टही चांदीच आहे. तिन्ही पावसाळ्यानंतर एकाच दिवशी पुन्हा मोज. परवा तिचा मेसेज आला, पट्ट्या झाल्यात, तिसरी घरच्या फ्रीजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवलीय, आणि आई रोज विचारतेय की ही डबी टाकायची कधी.